तेल चोळलेले पाय

करडईच्या तेलाचा वास आला की मला देवघर आठवत नाही. आठवतात म्हादूचे पाय. उन्हात घासून ठेवलेल्या पितळी घंगाळासारखे चकचकीत, लांब, निष्कलंक आणि फुकट.

म्हादू माझा मेहुणा. आई गेल्यावर त्याच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या बायकोनं, तुळसानंच त्याला वाढवलं. सोलापुरात गिरणीच्या मैदानावर तो सुटला की चैत्रातली वावटळ उठायची: धूळ, शिट्ट्या, आणि हा पार. शंभर यार्डांत त्याला कुणी गाठलं नाही. मी गिरणीत साच्यावर कापड विणत राबणारा अडाणी माणूस, पण एवढं मला कळतं, की जो चुन्याच्या रेघेपर्यंतच पळतो, तो कुठंच पोचत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यानं पाय भुईला लावायचा नाही, हा तुळसाचाच नेम. सकाळी तेल चोळायची, फडकं गुंडाळायची आणि हा दिवसभर बाजेवर, मखरात बसवल्यासारखा. पाणीसुद्धा हातात. शेजारीण हसायची, "तुळसाक्का, पालखी कवा काडतीस गं?" तीही हसायची.

अशाच एका आदल्या दिवशी, तेल चोळून उठली आणि तुळसाला पटकी लागली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. डॉक्टर दीड मैलावर. माझा डावा पाय गिरणीच्या पट्ट्यात सापडून कधीचा अधू झालेला. मी म्हणालो, "म्हाद्या, पळ!"

त्यानं फडक्यातल्या पायांकडं बघितलं. "दाजी, उद्या शर्यत हाय की. पाय भरून आलं तर सुटायचं न्हाईत. तुमीच जावा."

"तुजी भन हाय रं ती, भाड्या!"

घोंगडीवरून तिनंच हात हलवला. "ऱ्हाऊ द्या त्याला."

मी लंगडत गेलो. डॉक्टरच्या टांग्यातून परतलो, तेव्हा तिच्या तळहातांना तेलाचा वास होता, ऊब नव्हती. तो बाजेवरच रडत होता. पाय मात्र वर धरलेले.

दुसऱ्या दिवशी हा सुतकात धावला आणि पहिला आला. चांदीचा पेला तिच्या कोनाड्यात ठेवायला आला, तो मी गटारात भिरकावला.

आता म्हादूला कुणी पळायला बोलवत नाही. पारावरची माणसं अजून सांगतात, त्यानं वाऱ्याला मागं टाकलं. टाकलं असेल. दिवस, ऋतू, वर्षं त्याच्यासारखीच भुईला न टेकता माझ्यासमोरून निघून गेली. माझा तो दीड मैल मात्र अजून सरलेला नाही. मी चालतोच आहे, आणि वाटेच्या त्या टोकाला ती अजून हात हलवते आहे: ऱ्हाऊ द्या.