नाक बंद, कान उघडे

मित्रांनो, मी एक जुनी आरामखुर्ची आहे. एका सुताराने मला बेकरीवाल्या मालकांच्या वडिलांसाठी घडवले. भट्टीवरून थकून आले की ते माझ्यात पाय पसरत आणि येणाऱ्याजाणाऱ्याजवळ माझे कौतुक करत. ते गेले आणि मी गॅलरीत गेले. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

एके दिवशी मालकीणबाईंनी मला पुसून आत आणले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. आज एवढी आठवण कशी? विकायचा बेत तर नाही? पण कारण वेगळेच होते. मालकांच्या नाकातल्या वाकड्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती. डोके उंच ठेवून झोपा, वाकू नका, जड उचलू नका, नाक शिंकरू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मालक माझ्यात बसून तोंडाने श्वास घेत. नाक बंद, पण कान टवकारलेले. भट्टी सध्या मेहुण्याच्या हाती होती. मालकीणबाई फोन घेऊन गॅलरीत जात आणि दार ओढून घेत.

"काय म्हणतो तुझा भाऊ? धंदा बुडवला ना?"

"अहो, सगळं ठीक आहे. तुम्ही पडून राहा."

"ठीक आहे तर दार कशाला लावतेस?"

त्या त्यांची उशी नीट करून स्वयंपाकघरात जात. कुठेतरी पाणी मुरते आहे, असे मलाही वाटू लागले.

मेहुणा रोज ताजा पाव पाठवी. मालक एक घास खाऊन बशी सारत. "पुठ्ठा चावतोय जणू! पिठात काहीतरी मिसळतोय हा." पुढे नाकातल्या पट्ट्या निघाल्या, श्वास मोकळा झाला, तरी पाव पुठ्ठाच राहिला. मग मात्र त्यांचा संशय पक्का झाला. मालकीणबाई बाजारात गेल्याची संधी साधून ते चपला घालून निघाले.

मालकीणबाई घरी येतात तोच ते परतले, मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून. सदरा नाकातून आलेल्या रक्ताने भरला होता. "ताई, पीठ तपासायचं म्हणून दाजींनी आल्या आल्या पोतंच उचललं!" मेहुणा रडवेला झाला होता. डॉक्टरांनी रक्त थांबवले. मोठी इजा नव्हती, पण विश्रांती वाढली.

त्या संध्याकाळी मालकीणबाई माझ्या पायाशी बसल्या. "फोन मी डॉक्टरांना करत होते. तुम्हाला कशाचाच वास येत नाही, म्हणून पाव बेचव लागतो, हे मी ओळखलं होतं. ते म्हणतात, सूज उतरली की बहुतेक येईल. हे 'बहुतेक' तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?"

 मालक म्हणाले, "मी आपला बिचाऱ्या पोरावर आळ घेत बसलो."

हळूहळू ते बेकरीत जाऊ लागले, पण फक्त गल्ल्यावर बसायला. संशय मात्र सुटला नव्हता. आता तो स्वतःच्या नाकावर होता. साबण, चहा, कापूर, सगळे हुंगून पाहत आणि खाली ठेवत.

एका सकाळी मेहुणा फडक्यात गुंडाळलेला पाव घेऊन आला. तो दारातच होता, तोच मालक ओरडले, "करपवलास!"

"जरासाच, दाजी... खालून," तो चाचरत म्हणाला.

मालकीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मेहुण्याला आधी काहीच कळेना. मालकांनी मात्र तो काळा पाव नाकाशी धरला, पुन्हा पुन्हा हुंगला आणि सगळा खाऊन टाकला.

मित्रांनो, आजारी माणसाला उशी द्या, औषध द्या, बरे व्हायला सवडही द्या. पण त्याच्याविषयी बोलताना दार ओढून घेऊ नका.