मळ रे मळ, मोरीत पळ

पैज जिन्यातच लागली. समोरच्या दारातला माझा साडू गिटारच्या तारा सैल करत बसला होता आणि आवाज असा येत होता, जणू पोट बिघडलेला हत्ती ढेकर देतोय.

"साडूभाऊ, गिटार लावताय की झोपवताय?" मी विचारलं.

"दोन सूर खाली उतरवतोय. घशातली गाठ काढल्यापासून वर गेलो की आवाज फाटतो. गळा चढत नाही, मग पट्टीच उतरवायची."

परवा त्याची पोरगी नोकरीसाठी लांब निघणार होती. उद्या संध्याकाळी मागच्या अंगणात निरोपाचा कार्यक्रम, आणि ह्या बाबाला तिला तिचं आंघोळीचं गाणं ऐकवायचं होतं. लहानपणी ती पाण्याला मांजरासारखी घाबरायची, म्हणून ह्याने स्वतः रचलेलं. 'मळ रे मळ, मोरीत पळ.' कसलं घाणेरडं गाणं! पण आजारपणापासून त्याने ते एकदाही म्हटलं नव्हतं, आणि पोरगी जायच्या आत एकदा तरी म्हणायचंच, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"गाणं शेवटपर्यंत जाणार नाही," मी म्हणालो. "लावता पैज?"

"लावली. हरेल त्याने अंगणातल्या गटाराची जाळी हाताने साफ करायची. सगळ्यांदेखत."

तळमजल्याच्या शिंपीणकाकू पंच झाल्या. आम्हा दोघांचाही त्यांना सारखाच तिटकारा, म्हणजे न्याय पक्का.

आता मी काय साधाभोळा आहे? दुसऱ्या दिवशी दुपारी साडू औषधं आणायला गेला. त्याच्या घराची जास्तीची किल्ली आमच्या खिळ्यावर असते. फोनवर ते सूर दाखवणारं ॲप घेतलं आणि शिरलो. म्हटलं, तारा पुन्हा मूळ जागी चढवून ठेवतो. बाबा वर जाईल आणि फाटेल.

पण ती गिटार! शी शी शी. तारा गंजून काळ्या. दांडीवरच्या पट्ट्यांच्या कडेला बोटांचा मळ असा साचलेला की मेथी पेरली तर उगवेल. ह्याला तार छेडायच्या आधी बोट चाटायची सवय, आणि त्याच बोटाने खुंट्या पिळायच्या. सगळ्या खुंट्या चिकट. मी नाक मुरडत एकेक कान पिळला. सूर बरोबर लागला की फोनवर हिरवा दिवा. सहाही हिरवे झाले, तेव्हा पळत घरी येऊन तीनदा साबण लावला. तरी बोटांना वास राहिलाच. ओल्या नाण्यांचा.

संध्याकाळी अंगण भरलं. साडूने बोट चाटलं (बायकोने मला कोपर मारलं, कारण मी मोठ्याने 'ई' म्हणालो) आणि तारा छेडल्या. पहिल्याच सुराला त्याचा चेहरा उतरला. पट्टी वर होती. पण पोरगी समोर बसलेली, आता थांबणार कसा? उचललं गाणं. 'मळ रे मळ, मोरीत...' आणि 'पळ'ला गळा टराटरा फाटला. वर खोकला, खोकल्याबरोबर जे आलं ते रुमालात.

मी काकूंना डोळा मारला. तुटलं!

तेवढ्यात पोरीने पुढची ओळ उचलली. तिच्या गळ्याला ती वरची पट्टी मापाने शिवल्यासारखी बसली. साडू तिच्याखाली, अगदी तळाशी, तुंबलेल्या नळासारखा गुरगुरायला लागला. ती वर, तो खाली, असं करत करत गाणं पार शेवटपर्यंत गेलं. अंगणभर नाकं शिंकरली गेली. माझी बायकोसुद्धा रडली, आणि पदर नव्हता म्हणून माझ्या बाहीला नाक पुसलं.

"तो फाटला की!" मी ओरडलो.

काकू म्हणाल्या, "पैज काय होती? गाणं शेवटपर्यंत जाणार नाही. गेलं. कोणी न्यायचं हे कुठे ठरलं होतं?"

"बाबा, काल तर तुम्ही खाली लावली होती ना?" पोरीने विचारलं. "वर कोणी नेली?"

साडू विचारात पडून एकेक तार वाजवायला लागला. टंग, आणि माझ्या सदऱ्याचा खिसा हिरवा. टंग, पुन्हा हिरवा. ते मेलं ॲप दुपारपासून चालूच!

"साडूभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "तुमचा खिसा सुरात आहे."

अंगण असं हसलं की खिडक्यांतनं आणखी डोकी बाहेर आली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

जाळी उचलली. आत केसांचा गुंता, साबणाची बुळबुळीत साय, कुणाच्या तरी पोराचा मोजा. मी कोपरापर्यंत हात घातला. काहीतरी मऊ लागलं. ते हललं. आई गं!

काठावर साडू खुर्ची टाकून बसला, बोट चाटलं, आणि तारा परत दोन सूर खाली आणल्या. आता पट्टी त्याच्या गळ्याची होती. तेच गाणं पुन्हा म्हणताना एकदाही फाटला नाही मेला. पोरगी टाळ्या वाजवत होती, मागोमाग सगळं अंगण.

"काका, नुसता हात नाही चालवायचा. म्हणा!"

नाक दंडाने दाबून, गटारात वाकून, मीही म्हटलं, "मळ रे मळ..."

"मोरीत पळ!" अंगण ओरडलं.