फुटाणीची जागा

फुटाणी कुत्रीला खाली फिरवून राजेंद्र वर आला, तर त्याची बायको सुरेखा पलंगावरून फरशीवर पडलेली. लागलं फारसं नव्हतं, कोपर तेवढं खरचटलं होतं. पण ती किती वेळ तशी पडून होती, हे तिला सांगता येईना. अर्धांगवायूचा झटका येऊन पाच महिने झाले होते. उजवा हात-पाय निकामी, आणि दिवसभरात तोंडातून आठ-दहा शब्द निघायचे, तेही अर्धेमुर्धे. राजेंद्रनं तिला काखेत धरून उचललं, पलंगावर टेकवलं आणि मग स्वतःच फरशीवर बसून राहिला. उठायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. फुटाणी दोघांच्या मधे उभी राहून शेपटी हलवत होती.

आवाज ऐकून समोरच्या द्वारकाबाई आल्या. "भाऊ, एक माणूस सांभाळता सांभाळता तुम्ही मेटाकुटीला आलात, अन् वर हे कुत्रं. देऊन टाका ना कुणाला तरी."

त्या गेल्यावर राजेंद्रनं सुरेखाकडं विषय काढला. फुटाणी त्यांच्या मोनिकाची. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तिच्या सासरी कुत्रं चालत नव्हतं, म्हणून ही दीड वीत उंचीची, पांढरी-तपकिरी पिटुकली इथंच राहिली. आणि झटका आल्यापासून ती दिवसभर सुरेखाच्या त्या मेलेल्या पायाला चिकटून झोपायची. राजेंद्र बोलायचा थांबला तेव्हा सुरेखानं डाव्या हातानं फुटाणीचा पट्टा घट्ट धरलेला होता.

"नाय," ती म्हणाली. इतका स्पष्ट शब्द तिच्या तोंडून आठवडाभरात आला नव्हता.

पडेगावातली त्यांची बिल्डिंग तीन मजली, घर सगळ्यात वर, लिफ्ट नाही. राजेंद्र कुत्रीला घेऊन दिवसातून चारदा उतरायचा, चारदा चढायचा. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर त्यानं एकोणतीस वर्षं शिफ्टा काढल्या होत्या, पण असा थकवा त्याला ठाऊक नव्हता. तिथं आठ तास झाले की रिलीव्हर यायचा, हात झटकून घरी जाता यायचं.

मोनिकानं फोनवर उपाय सांगितला. "पप्पा, छोट्या कुत्र्यांना घरातच ट्रेमध्ये करायला शिकवता येतं. मी व्हिडिओ पाठवते, बघा."

व्हिडिओ बघता बघता त्याचा दोनदा डोळा लागला. तरी त्यानं मोठा प्लास्टिकचा ट्रे आणला, दुकानदारानं दिलेल्या भुशाच्या गोळ्या त्यात पसरल्या आणि गॅलरीत वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवला. पहिल्या दिवशी फुटाणीनं त्यातल्या दोन गोळ्या खाल्ल्या आणि ट्रेमध्ये झोपली. दुसऱ्या दिवशी त्यानं पेपर अंथरला. तिनं त्याच्या चिंध्या केल्या. तिसऱ्या दिवशी ती दाराकडं बघत दुपारपर्यंत कुंथत बसली, आणि शेवटी सुरेखाच्या गोधडीवर मोकळी झाली.

त्या दिवशी राजेंद्रनं सकाळपासून सुरेखाचं दोनदा अंग पुसलं होतं, चादर बदलली होती, वरण उतू गेलं होतं. गोधडी ओढून काढताना त्याचा आवाज चढला. "किती धुवायचं एका माणसानं? जागा कळत नाय का? लाज नाय वाटत?"

फुटाणी पलंगाखाली गेली. आणि सुरेखा रडायला लागली, आवाज न करता, तोंड वाकडं करून. राजेंद्रला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. सकाळची चादर तिच्यामुळंच बदलावी लागली होती.

"तुला नाय गं. कुत्रीला म्हटलं मी."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तो ओली गोधडी घेऊन धुवायला गेला.

दुसऱ्या सकाळी तो बादली घेऊन खाली गेला. कंपाउंडच्या भिंतीलगत फुटाणी रोज जिथं बसायची, तिथली माती खरवडून त्यानं बादलीत भरली, दर मजल्यावर थांबत वर आणली आणि ट्रेमध्ये ओतली. तिला आपल्या वासाची तरी ओळख लागेल, एवढाच त्याचा हिशोब.

मग तो पोळ्या करायला ओट्याशी उभा राहिला. तव्यावर पोळी असतानाच आतून टणटण आवाज आला. सुरेखा पुन्हा पडली, या धसक्यानं तो पिठाच्या हातानंच धावला. ती पडली नव्हती. डाव्या हातानं स्टीलचा ग्लास पलंगाच्या दांडीवर आपटत होती आणि डोळ्यांनी टीव्हीखाली दाखवत होती. तिथं फुटाणी नाक जमिनीला लावून गोल गोल फिरत होती.

त्यानं तिला उचलून ट्रेमध्ये ठेवलं. ती उडी मारून बाहेर आली. पोळी करपली. अर्ध्या तासानं पुन्हा टणटण. पुन्हा उचलली, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी मात्र फुटाणीनं माती हुंगली, दोन गिरक्या घेतल्या आणि खाली बसली. राजेंद्र श्वास रोखून दाराआड उभा होता.

"झा... झालं?" आतून आवाज आला.

"झालं!" तो म्हणाला आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा आणायला पळाला. फुटाणीला भरवला, आणि उरलेलं अंडं सुरेखाला.

त्यानंतर ते काम सुरेखाचंच झालं. पडल्या पडल्या ती दिवसभर कुत्रीवर नजर ठेवायची. राजेंद्रला चार हाका पडायच्या, त्यातल्या दोन फुकट जायच्या. एकदा त्याला उशीर झाला आणि सोफ्याचा कोपरा भिजला, तेव्हा त्यानं तो न बोलता पुसला. तिसऱ्या आठवड्यात फुटाणी आपणहून गॅलरीत जायला लागली.

द्वारकाबाई मुद्दाम बघायला आल्या. "बाई, माणसापरीस शहाणी निघाली की!" म्हणत पलंगाशी बसल्या. राजेंद्र चहा ठेवायला उठला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही खाली दिसत नाय आजकाल?"

त्यानं आठवून पाहिलं. दूध दारात यायचं, भाजी दारात यायची. अकरा दिवस झाले, तो जिना उतरलाच नव्हता. कुत्रीच्या निमित्तानं का होईना, पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर मिळत होती, तीही त्यानं स्वतःच्या हातानं बंद केली होती. सुरेखा त्याच्याकडं बघत होती.

"जा," ती म्हणाली.

"कुठं जाऊ? आणायचं काय नाय."

तिला शब्द जुळवायला वेळ लागला. "उगं... जा."

"जाऊन या भाऊ, मी हाय इथं," द्वारकाबाई म्हणाल्या.

तो खाली उतरला. हातात दोरी नव्हती, पिशवी नव्हती, त्यामुळं हात कुठं ठेवावेत ते कळेना. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर जाऊन बसला. दौलताबादकडं गाड्या चालल्या होत्या. वाळूजची बस थांबली, शिफ्ट सुटलेली चार माणसं डबे घेऊन उतरली आणि आपापल्या घराकडं गेली. त्यानं कुणाला हाक मारली नाही. नुसता बसून राहिला.

वर येताना दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबावं लागलं.

"कुठं?" सुरेखानं विचारलं.

"कुठंच नाय. बसलो होतो."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या... बी."

"बघू," तो म्हणाला आणि ट्रेमधली घाण काढायला गॅलरीत गेला.