संजनाच्या सात तुकड्यांचा डबा

मित्रांनो, माझ्या पोटात सात तुकडे आहेत. पाच त्रिकोण, एक चौकोन आणि एक तिरका चौकोन. मी एक जुना सागवानी डबा आहे. नाशिकला सिडकोतल्या एका घरात, माळ्यावर, बंद पडलेल्या मिक्सरशेजारी माझी जागा आहे.

खिडकीची चौकट करून उरलेल्या लाकडातून सोमा सुताराने मला घडवलं. पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या प्रफुल्लने मला आपल्या मुलीसाठी, संजनासाठी, घरी आणलं. ती तेव्हा तिसरीत होती.

माझे चांगले दिवस ते. संजना तुकडे फरशीवर ओतायची आणि नुसती बघत बसायची. मग एकेक सरकवून त्यांतून चित्र जुळवायची. "आई, उंट करायला गेले आणि इस्त्री झाली!" असं ओरडून ती स्वतःच खो खो हसायची. चुकलं की तिला जास्त मजा यायची. मला वाटायचं, माझा जन्म यासाठीच झाला आहे.

ती पाचवीत असताना, १९९८ साली, प्रफुल्लला कोणीतरी एका संस्थेबद्दल सांगितलं. अतिबुद्धिमान माणसांची संस्था. परीक्षा घेऊन ती शंभरातल्या वरच्या दोघांनाच आत घेते. पुण्याहून माणसं येऊन नाशिकलाच परीक्षा घेणार होती.

"बसवू या तिला," प्रफुल्ल जेवताना म्हणाला. "पोरगी नक्की कुठे आहे ते तरी कळेल."

"कुठे आहे म्हणजे?" शुभांगी, संजनाची आई, म्हणाली. "ही काय, समोर बसलीय. गवार बाजूला काढतेय."

"चेष्टा नको. डोकं आहे तिला."

"आहे ना? मग मोजायचं कशाला?"

"मला कोणी मोजलं असतं तर आज फायली बांधत बसलो नसतो."

शुभांगीने ताटं उचलली. संजनाला काय वाटतं, ते कोणीच विचारलं नाही.

प्रफुल्लने माझ्यासारख्या कोड्यांचं एक पुस्तक आणलं. पुस्तकात आकृत्या होत्या आणि मागे उत्तरं. तो घड्याळ घेऊन समोर बसायचा. एकदा संजना म्हणाली, "बाबा, बदक असंपण होतं की!" तो म्हणाला, "पुस्तकात तसं नाही. मोड." तिने मोडलं. त्यानंतर तिने पुस्तकात नसलेलं काही केल्याचं मला आठवत नाही. माझे तुकडे रोज हाताळले जात होते, पण ते खेळणं नव्हतं.

परीक्षा झाली. निकाल कळायच्या दिवशी प्रफुल्ल पुण्याला फोन करायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेला आणि परत येऊन खुर्चीत बसला.

"काय म्हणाले?" शुभांगीने विचारलं.

"नाही बसली त्या दोघांत."

"मग उरलेले अठ्ठ्याण्णव काय, ढ?"

प्रफुल्ल शर्टाची बटणं काढत राहिला. दारात संजना उभी होती. 'ढ नाहीत' असं बाबा म्हणाले नाहीत, एवढंच तिने पाहिलं.

दोन दिवसांनी तिला ताप भरला. प्रफुल्लची थोरली बहीण भागीबाई वणीकडच्या खेड्यातून एसटीने आली. त्यांच्याकडे दुखण्यातून उठल्यावर तरतरी येण्याला 'हुशारी वाटणं' म्हणतात. ताप उतरला तशी ती भाचीच्या उशाशी बसली आणि कपाळावर हात ठेवून म्हणाली, "का गं माझी बाय, हुशारी वाटते का आता?"

संजना छताकडे बघत होती. "नाही आत्या. मी हुशार नाहीये. पुण्याहून सांगितलंय बाबांना."

"पुण्याच्या डाक्टरला काय कळतंय गं? अंग तर लय गार हाय तुझं!"

प्रफुल्ल पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. एक वाक्य पुरलं असतं. "शहाळं आणतो," असं म्हणून तो बाहेर पडला.

संजना बरी झाली. पुढे तिला मार्कही चांगले मिळाले. पण जे येतं तेवढंच ती करायची. वर्गात उत्तर अर्धवट ठाऊक असलं तर हात वर करायची नाही. चित्रकलेची वही तिने आपणहून बंद केली. मला झाकण लागलं आणि मी माळ्यावर गेलो. झाकणाच्या फटीतून शिरून उंदरांनी माझा एक त्रिकोण कुरतडला.

ती कॉलेजात गेल्यावर, घराला रंग देताना, प्रफुल्लने मला खाली काढलं. आता त्याचे केस पांढरे झाले होते. धूळ पुसून तो म्हणाला, "ये गं संजू, जरा खेळू."

तिने मला उघडलं. तुकडे हातात घेतले आणि होते तसे परत ठेवले.

"पुस्तक कुठे आहे याचं?" तिने विचारलं.

"हरवलं बहुतेक. राहू दे ना पुस्तक."

"मग बरोबर आलं की नाही, ते कसं कळणार बाबा?"

ती हे चिडून म्हणाली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. प्रफुल्लने माझं झाकण सरकवलं आणि मला परत माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, माझा त्रिकोण कोणताही सुतार नवा करून देईल. माझी काळजी करू नका. तुम्हांला अशा परीक्षेला बसवणार असतील, तर घरच्यांना आधी एकच गोष्ट विचारा. "निकाल उलटा लागला तर त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याशी काय बोलाल?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत पायात चपला घालू नका.