बरणीतला लाल दोरा

आयोवातल्या त्या गावात शेतं गोठली की बायका चर्चच्या तळघरात गोधडीच्या चौकटीभोवती जमत. ओपल आणि लुएला तिथे इतकी वर्षं शेजारी बसत आल्या होत्या, की लुएला डावखुरी, दोघींची कोपरं भिडू नयेत म्हणून तिची खुर्ची कडेलाच हवी, हे कुणाला सांगावं लागत नसे. एक जुनी रीत होती. एखादीचे टाके वाकडे आले तर तिला कुणी तोंडावर बोलत नसे. ती घरी गेली की ते हळूच उसवून पुन्हा घालत. नव्या पाद्रीबाईंचे टाके या दोघींनीच उसवले होते, आणि हसून हसून लुएलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उसवलेला दोरा ओठांवर ओला करून ती बोटांत वळत बसे आणि गोळी झाली की खिशात टाकत असे.

"तुझ्या टाक्यांना मात्र कुणी हात लावायला नको हं, ओपल," ती म्हणायची.

पानगळीत लुएला गेली. मग हिवाळाभर ओपलने दार लावून, एकटीने एक कोट शिवला. नवऱ्याच्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून तिने पाठीवर नांगरलेली शेतं मांडली, काठाने नदी फिरवली आणि सगळीकडे आपल्या आवडीचा लाल धावदोरा घातला. आजवरची प्रत्येक गोधडी चौकटीभोवती बसणाऱ्या चौघींच्या नावाची होती. जिल्ह्याच्या प्रदर्शनात हा कोट तिच्या एकटीच्या नावाने लागणार होता.

प्रदर्शनाला जाताना ती कोट घालूनच लुएलाच्या घरी थांबली. लुएलाची मुलगी जोलीन घर आवरत होती.

"अगंबाई, मावशी! नवरी आहेस की काय?"

"नवरी कसली, म्हातारी मेंढी. लोकर तेवढी नवी."

जोलीनने कॉफी ओतली आणि फडताळातून काचेची मोठी बरणी काढली. "हिचं काय करू गं? फेकवत नाही. आईच्या उसवलेल्या दोऱ्यांच्या गोळ्या."

बरणी गळ्यापर्यंत लाल होती.

"पाद्रीबाईंच्या असतील," ओपल म्हणाली.

"त्या तर पांढरा वापरायच्या." जोलीन थबकली. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल. आई म्हणायची, ओपलचा हात वाकडा, पण मन नाजूक. तू गेलीस की दिवा जवळ ओढून बसायची."

ओपलने कप खाली ठेवला. नातवंडांच्या अंगावरच्या गोधड्या तिला आठवल्या, भिंतीवरच्या बक्षिसाच्या फिती आठवल्या, आणि पाद्रीबाईंना हसताना लुएलाने आपल्या खांद्यावर टेकलेलं डोकं आठवलं. तेव्हा ती नक्की कुणाला हसत होती?

"एकदा तोंडावर सांगायचं होतं तिने," ती म्हणाली. "असो. या कोटाला तरी तिचा हात लागलेला नाही."

"तेच तर! हा अगदी तुझा," म्हणत जोलीनने तिला बरं वाटावं म्हणून कोटाचा काठ उलटला आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. फिरवता फिरवता तो थांबला.

"मावशी, गाठी डाव्या टोकाला आहेत. आईच्या असायच्या तशा."

ओपलने खाली पाहिलं. प्रत्येक ओळ डावीकडून निघाली होती. टाके मोहरीएवढे, एका मापाचे. एकही वाकडा नव्हता.

"सुई दे," ती म्हणाली.

टेबलावरच्या एका चिंधीवर तिने लाल दोऱ्याची ओळ घातली. गाठ उजवीकडे आली आणि टाके चिखलातून कोंबडी गेल्यासारखे तिरपेतारपे पडले. ते आपोआप सरळ होतात का, म्हणून दोघी चिंधीकडे पाहत राहिल्या. कॉफी निवली. चिंधी होती तशीच राहिली.

जोलीन सुटल्यासारखी हसली. "बघ, जशीच्या तशी! उगीच घाबरले बाई."

ओपलही हसली. अंगात एकदम गारठा भरला, म्हणून तिने दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले. डाव्या खिशाच्या तळाशी बोटाला काहीतरी मऊ लागलं. तिने ते उजेडात धरलं.

लाल दोऱ्याची गोळी होती. अजून ओली.