मानेतली पट्टी

बोदवडला तिसऱ्या दिवशी आम्ही वडिलांची, आबांची राख सावडायला गेलो, तर माझा भाऊ प्रेमराज अस्थी सोडून राखेत बोटं खुपसत बसला. ऑपरेशनमध्ये आबांच्या मानेच्या मणक्यांना बसवलेली टायटॅनियमची पट्टी त्याने हुडकून काढली आणि थुंकी लावून शर्टाला पुसली. मला शिसारी आली.

अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या, पण मेल्याने गाडी थांबवली ती जळगावच्या सराफासमोर. कलश मांडीवर घेऊन मी गाडीतच बसले. सराफाने पट्टीला हातसुद्धा लावला नाही. “चितेतलं मोडीत घालता? उचला आधी!”

प्रेमराज परत आला आणि त्याने पट्टी माझ्याकडे फेकली.

“इनी काही किंमत नही शे, ज्योती. टाकी दे अस्थीसमा.”