निर्णायक मत

महापौरबाईंनी घंटेवर हात आपटला तेव्हा सभागृहाच्या दोन्ही बाजू उभ्या राहून एकाच वेळी लोकशाहीचे रक्षण करीत होत्या. गलका ओसरला. नगरसचिवांनी वर झालेले हात मोजले, पुन्हा मोजले. समसमान.

निधी एकाच कामापुरता होता आणि कामे दोन: चौकात घड्याळाचा उंच मनोरा, किंवा सखल वस्तीसाठी नवी सांडपाणी वाहिनी. मनोऱ्यावर महापौरांचे नाव कोरले जाणार होते. वाहिनी जमिनीखाली जाणार होती, आणि नाव वाचायला तिथे कोणी उतरत नाही. जुनी वाहिनी फुटल्यापासून त्या वस्तीच्या स्वयंपाकघरांत मैला शिरत असे, हे सभागृहाला ठाऊक होते. ठाऊक असणे हेच निवारण, अशी तिथली विद्वत्तापूर्ण समजूत होती.

निर्णायक मत महापौरांचे, आणि महापौर पक्षाचे. ही प्रथा इतकी मुरली होती की सचिवांनी मान वर न करताच जाहीर केले,

"महापौरांचे मत मनोऱ्याच्या बाजूने. ठराव मंजूर."

बाके वाजली.

"सचिवसाहेब, माझा हात अजून टेबलावरच आहे."

सचिवांनी चष्मा सारखा करून पाहिले. हात खरोखरच टेबलावर होता.

पक्षाचे गटनेते लगबगीने येऊन खुर्चीपाशी वाकले.

"ताई, कशाला घोळ घालताय? वाहिनी पुढच्या वर्षी करू की."

"हे पुढचं वर्ष मी आल्यापासून ऐकतेय, भाऊ."

"निवडणुकीची तिकिटं मी वाटतो, एवढं लक्षात असू द्या."

"आहे ना. म्हणून तर एवढा वेळ लागला."

महापौरबाईंनी हात वर केला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटले, "वाहिनी."

महापौरबाई आपल्या दालनात पोचण्याआधीच पक्षाचा निरोप पोचला होता. इतकी तत्परता सखल वस्तीच्या एकाही अर्जाच्या वाट्याला आली नव्हती. त्यांनी दार लोटले आणि घरी फोन लावला.

"आई, माझं तिकीट कापलं."

"का गं? काय केलंस?"

"मनोरा नाकारला. वाहिनी मंजूर केली."



"म्हणजे आता त्या बायकांच्या चुलीपाशी घाण येणार नाही?"

"नाही येणार."

"बरं. ठेव आता, मला काम आहे."

पण फोन बंद करायचे म्हातारीला कधीच जमले नव्हते. खुर्ची सरकली. खिडकीची कडी निघाली. मग इतर घरांतून लग्न ठरल्याचे सांगतात तशा खणखणीत आवाजात ती ओरडली,

"अहो वहिनी, ऐकलंत का? आमच्या पोरीचं तिकीट कापलं! का ते विचारा तर खरं!"

चालक दारात येऊन उभा राहिला. महापौरबाईंनी फोन कानाशी तसाच धरून त्याला थांबायची खूण केली. आई आता दुसऱ्या खिडकीकडे निघाली होती.